पांढरे मोजे

इटलीत पाच महिने दुसऱ्याच कुणाच्या आईला
न्हाऊ-खाऊ घालून मी बातुमीला परतले.
चौथा मजला. कुलूप कुरकुरलं.
आत कोंडलेली हवा,
समुद्राकडच्या भिंतीला नवी ओल.
दोन पावलं टाकली असतील नसतील,
घोट्यांवर काहीतरी तडतडलं,
तव्यावर मक्याचे दाणे उडावेत तसं.

पिसवा, त्सिआला म्हणाली दारातूनच.
पण मांजर तर माझ्याकडे होतं,
घर रिकामं,
मग एवढे दिवस खाल्लं काय मेल्यांनी?

काही नाही खाल्लं.
गालिच्याच्या मुळाशी, फळ्यांच्या फटीत
कोश विणून पडून राहतात त्या,
अंग आखडून,
पाऊल वाजेपर्यंत.

माझं पाऊल वाजलं.
मुलगी तिबिलिसीत, तिच्या संसारात.
घड्याळाचा सेल कधीचा संपलेला.
या घरात माझी वाट पाहणारं
एवढंच कुणी होतं.

असो. कामाला लागले.
बुर्ताला बारीक फणीनं विंचरलं,
काळी कणी ओल्या कागदावर टिपली,
कागद लाल झाला: तिचंच रक्त,
वाळवून ठेवलेलं.
त्सिआलानं भाच्याकडून औषध आणलेलं, फुकटचं,
कुत्र्याचं.
तिच्या हातावर चापट मारली मी.
कुत्र्याचं औषध मांजराला विष, बाई.
मांजराचं वेगळं असतं,
मानेवर सोडायचं, जीभ पोचत नाही तिथे.

रोज व्हॅक्यूम, पलंगाखाली, सोफ्याच्या सांध्यांत,
रोज पिशवी बांधून चार मजले खाली.
रात्री दिव्याखाली बशी, साबणाचं पाणी.
सकाळी सात.
दुसऱ्या दिवशी अकरा.
मग चार.
मोजायची सवय तिथलीच,
म्हातारीच्या गोळ्या मोजायचे मी.
आणि संध्याकाळी पांढरे मोजे घालून
खोलीभर फेऱ्या, मान खाली,
आपल्याच पायांवर पहारा.

महिन्याभरानं मोजे पांढरेच राहिले.
तेव्हा इलो आला, मुलीचा, सहा वर्षांचा.
एकही पिसू चावली नाही त्याला,
पण रात्री त्याच्या छातीत शिट्टी वाजू लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजरावर आळ घेऊ नका,
आधी गादी बघा.
धुळीतले किडे, डोळ्यांना न दिसणारे.
माणसाच्या कातडीचा कोंडा खाऊन जगतात.

कुणाच्या कातडीचा, ते मी विचारलं नाही.
एकतीस वर्षं त्या गादीवर झाउरी झोपला,
डाव्या कुशीवर, खड्डा पडेपर्यंत.
मला इस्पितळाचं कर्ज ठेवून गेला.
या जिवांना मात्र
जेवण ठेवून गेला.

उशा फेकल्या. खोळी साठ अंशांवर धुतल्या,
इलोचं कापडी अस्वल दोन दिवस फ्रीझरमध्ये,
मटणाशेजारी. तो रडला, मग हसला.
गादी अंगणात नेऊन उसवली.
लोकर धुऊन चार दिवस उन्हात,
आणि मग हेझलच्या काठ्या घेऊन
त्सिआला आणि मी समोरासमोर बसून झोडपलं,
आमच्या आया झोडपायच्या तसं,
एक तिची, एक माझी.

धूळ उठली.
सोन्यासारखी वगैरे नाही, धुळीसारखीच.
त्सिआलानं तोंडाला रुमाल बांधला.
मी नाही बांधला.
एक श्वास घेतला, भरून.
खोकला आला.
बस्स, तेवढंच.

नवी खोळ घट्ट विणीची आहे, चेन लावलेली.
इलो तिच्यावर आडवा-तिडवा झोपतो,
खड्डा अजून कुणाचाच नाही.

ऑक्टोबरात पुन्हा जायचंय, तीच म्हातारी, त्याच गोळ्या.
किल्ली त्सिआलाकडे दिली, बुर्तालाही.
म्हटलं, आठवड्यातून एकदा वर ये,
व्हॅक्यूम फिरव,
आणि खोलीभर जरा पाय आपटत चाल.
कुणी वाट बघत राहिलं असेल
तर उठू दे त्याला.