हब्बनहट्टी ते असोगा, पाण्यानं

हब्बनहट्टीचा मारुती कमरेपर्यंत उघडा झाला
की निघायचं, असं ठरलंय.
छातीला पाणी असलं तर नदी ओढून नेणार,
पायांशी गेलं तर ट्यूब खांद्यावर टाकून
खडकाखडकांतून आपणच तिला चालवत न्यायची.

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये,
पाळी सुटल्यावर
चलनाच्या पाठकोऱ्या बाजूला
इनासनं मलप्रभा काढली.
सरळ रेघेची सवय त्याच्या हाताला,
वळणांवर पेन्सिल तीनदा मोडली.
गावांची नावं मी मराठीत घातली,
दस्तगीरनं शेजारी कानडीत.
एका वळणाला दोन्हीकडं नाव नव्हतं.
तिथं इनासनं लिहिलं : इथं खडस.
कुणी बघितलाय?
मामानं. हातभर लांब,
खवले म्हणे जुन्या रुपयाएवढे.
मामा बोलायचा जरा वाढवून, पण हात
तो नेहमी तेवढाच पसरायचा.

घरी म्हणाली,
जांबोटीची बस पाऊण तासात खानापूरला टेकते,
तुम्हाला दोन रात्री कशाला?
मी गळ मोजत बसलो होतो.
पुन्हा पहिल्यापासून मोजले.

दस्तगीरच्या दुकानातल्या चार ट्यूबा, लॉरीच्या,
वर मेसकाठ्यांची सांगड, सुतळी नको, नायलॉन.
त्याचा हिशेब, साडेतीनशे किलो पेलते.
म्हणून वजनकाट्यावर, जिथं बिडाचे तुकडे चढतात,
तिथं आम्ही एकेक चढलो.
इनास ब्याऐंशी, बूट काढून.
मी एकोणसत्तर.
तांदूळ तीन, पेंडीचा गोळा दोन,
मरळीसाठी बेडूक तिथंच मिळतील.
डाळ घ्यायची काय?
डाळ घेतली म्हणजे मासा मिळणार नाही असं धरलं,
इनास चिडला.
डाळ अर्धा किलो, त्याला न दाखवता.

बाळेश काट्यावर चढला आणि उतरेचना.
काटा चौऱ्याहत्तरवर थरथरत राहिला.
मग म्हणाला, एक सांगायचं ऱ्हायलंय.
मला पवायला येत नाही.

चाळीस वर्षं हा माणूस
मार्कंडेयच्या काठावर आमच्या शेजारी बसलाय.
घाणीत अडकलेला गळ सोडवायला
दरवेळी आम्हालाच उतरवायचा,
आम्हाला वाटायचं, आळशी आहे.

कुणी हसलं नाही.
हसलो असतो तर बरं झालं असतं कदाचित.
इनासनं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.
बाहेर शेवटची भट्टी निवत होती, कडकड आवाज करत.

दस्तगीर उठला. दुकानातून
स्कूटरची एक ट्यूब घेऊन आला,
तोंडानंच फुगवली,
टबात दाबून धरली, गोल फिरवली.
एका जागी बुडबुडा आला, बारीक,
मोहरीएवढा.
तिथं त्यानं खडूनं फुली मारली.
यादीत ओळ वाढवली : ट्यूब, लहान, एक.
कुणासाठी ते लिहिलं नाही.

बाळेश काट्यावरून उतरला.
पाय आधीच भिजल्यासारखे
जपून टाकत.