गाळा नंबर सतरा

वागळे इस्टेटच्या मागच्या गल्लीत,
जिथे रिक्षावाले "पुढे वाट नाही" म्हणून उतरवतात,
तिथे माझा गाळा.
एकतीस वर्षं बुशिंगं कापली इथे.
मग ऑर्डरी चाकणला गेल्या
आणि शटर खाली आलं.

शाल्मलीताई भाडं विचारायला आल्या,
मागे नऊ पोरं.
म्हटलं, धंदा कसला?
म्हणाल्या, शाळा.
म्हटलं, बाकं कुठंयत?
सगळ्यांत धाकटी पुढे झाली:
"बाकं आम्ही करू. तुमच्याकडे करवत आहे?"

लेथ विकणार होतो. राहिला.
भंगारवाला अजून अधूनमधून फोन करतो.

सहाची, दहाची, चौदाची, सगळी एकाच सतरंजीवर.
सकाळी गोल बसून ठरवतात
आज कोण काय करणार.
घंटा नाही.
पहिला महिना मला तिचाच त्रास झाला.
भोंग्यावर वाढलेला माणूस मी,
कारखाने गेले, टॉवर आले,
पण साडेआठला माझे कान अजून वाजतात.

म्हटलं, ताई, तो निहाल बघा,
तीन दिवस नुसता लेथखालचा कीस चिवडतोय.
ताई म्हणाल्या, बघू दे.

बघू दे.
आमच्या आयटीआयात हे दोन शब्द
कुणी उच्चारले नव्हते.

चौथ्या दिवशी तो म्हणाला,
काका, पितळेचा कीस भुरभुर पडतो,
लोखंडाचा वेटोळं घेऊन येतो, असं का?
मला ठाऊक होतं.
म्हणजे हाताला ठाऊक होतं,
तोंडाला नाही.
त्या रात्री जेवताना बायको म्हणाली,
भाजीत मीठ नाही का? बोलत का नाही?

मग त्यानं तराजू करायला घेतला.
अकरा वर्षांचा पोरगा, वाचता येत नव्हतं.
आधीच्या शाळेनं तसं लिहूनही दिलं होतं,
आणि तो कागद
तेवढा त्यालाच वाचता आला नव्हता.

दांडी माझ्या भंगारातली,
पारडी म्हणून दोन करवंट्या.
काटा मी दाखवला, त्यानं घासला.
दांडी सारखी डावीकडे कलायची.
शेजारी तीर्था, ती करवतवाली,
दिसेल ते मोठ्यांदा वाचत बसायची:
"साबुदाणा. खायचा सोडा.
ठाणे, चार लाख सहाशे चार."
तिला वाचायचं वेड, याला तोलायचं.

एक दिवस बघतो तर
ती पुठ्ठ्यातून अक्षरं कापतेय
आणि तो एकेक पारड्यात ठेवतोय.
ट हलका. क जड.
ज्ञ अकरा साबुदाणे.
निहाल म्हणाला, हा एवढा जड का?
ती म्हणाली, त्याच्या पोटात दोघं आहेत.

असा तो वाचायला लागला.
निदान मला तरी दुसरं कारण सापडलं नाही.

सगळंच असं झालं नाही.
हर्षलाच्या बाबांनी तिला दिवाळीनंतर काढलं.
दहावीचं काय, त्यांनी मला विचारलं,
जसा काही मी मास्तर.
मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.
तिनं अर्धं केलेलं स्टूल
तीन पायांवर कोपऱ्यात आहे.
झुबेर त्यावर बसून जेवणाचा हिशेब लिहितो,
चुकला तर सगळ्यांना पोहे कमी पडतात.

मार्चमध्ये खात्याचे साहेब आले.
निहालकडे बोट करून म्हणाले, हा कितवीत?
पोरं एकमेकांकडे बघायला लागली.
तीर्था म्हणाली, "सतरात. गाळा नंबर सतरा."
साहेब हसले नाहीत.
वहीतला रकाना कोरा राहिला.

आठवड्यानं नोटीस आली.
ताईंचा चष्मा सापडेना,
म्हणून निहालनं वाचली.
बोट ठेवून, हळूहळू,
'मान्यता'वर अडखळला, परत मागे गेला,
शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली.
कुणी काही बोललं नाही.

मग त्यानं ती घडी घालून
पारड्यात ठेवली.
म्हटलं, किती भरली रे?

दांडीकडे बराच वेळ बघत म्हणाला,
"आत्ता नाही सांगता येणार, काका.
तराजू अजून खोटा आहे.
कानस द्या."