झेड एक्क्याण्णव, टिंब, एकशे वीस

भुसावळला, जामनेर रोडवर,
बंद पडलेल्या तेलघाण्याच्या माडीवर
पत्र्याखाली आमची अमेरिका आहे.
संध्याकाळी साडेसातला तिथं उजाडतं.
बावीस खुर्च्या, एक कूलर,
आणि कूलरमध्ये पाणी कुणी घालायचं
त्या पाळ्यांचा भिंतीवर कागद.

आम्ही आजारांना आकडे देतो.
बदक चावलं, तर आकडा आहे.
कासवाचा मार लागला, तर वेगळा.
पहिल्या आठवड्यात गुलशेर तडवी
हसून हसून खुर्चीवरून घसरला.
म्हणाला, आमच्या यावलकडं बिबट्या येतो,
बघ रे, त्याला काय देतात.
बिबट्या नव्हता.
‘इतर सस्तन प्राणी’ होता.

मग एका रात्री हा आला:
पैशाच्या अडचणीमुळे रुग्णानं
जाणूनबुजून औषध कमी घेतलं.
ओहायो. स्त्री. जन्म एकोणसाठ सालचा.
नाव आमच्यापर्यंत झाकून येतं.
इन्सुलिन पुरवून पुरवून वापरत होती,
जसं सरत्या महिन्यात तेल.
मग शुद्ध हरपली, मग अँब्युलन्स, चार दिवस आयसीयू,
मग विमा कंपनीचं उत्तर, एका ओळीचं:
सदर अँब्युलन्स आमच्या यादीत नव्हती.

बेशुद्ध बाईनं आधी यादी बघायला हवी होती.

या आकड्याचे पैसे मिळत नाहीत.
तो नुसता सांगतो.
टीम लीडर सोनवणे म्हणतात, नाही टाकला तरी
क्लेम अडत नाही.
मी टाकतो.

तिकडचा वाद जुना आहे.
सरकारनं एकच थैली धरावी, सगळ्यांचं त्यातून भागवावं;
की बाजारावर सोडावं, बाजार आपोआप भाव पाडेल.
रात्री अकराच्या ब्रेकला आम्हीही दोन बाजूंना बसतो,
चहा एकाच किटलीतला.
सुई एक, भाव तीन.
विमावाल्याला एक, सरकारी कार्डवाल्याला एक,
आणि ज्याच्याकडं काहीच नाही
त्याच्या बिलावर सगळ्यात मोठा.

कलाबाई भारंब्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो.
पहाटे साडेचारला परततो
तेव्हा चुलीवर बिबड्यांचा घाटा रटरटत असतो.
"तठी तं समदं फुकट असंन ना?"
नाही म्हटलं. भाव नंतर कळतो.
बरं झाल्यावर. किंवा न झाल्यावर.
घाट्यातला दांडा थांबला.
"बामणोदचं वांगं घ्यायले गेलं
तं माणूस आधी भाव सांगते,
मंग तोलते."

मग फळीवरचा अडकित्ता काढला.
मला वाटलं, सुपारी.
पाकिटातून बीपीची पांढरी गोळी निघाली.
मधल्या रेषेवर पातं टेकवून
कट्.
एक अर्धी तोंडात,
एक अर्धी कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात.

डॉक्टरनं सांगितलं का असं?

"डॉक्टरले काय ठाऊक
महिना केवढा लांब रायते."

सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मी म्हटलं.
मिळते, म्हणाली.
गेल्या बुधवारी संपली होती.
आदल्या बुधवारी रांग दाराबाहेर होती,
आणि बिबडे उन्हात वाट बघत नाहीत,
वेळेवर उलटले नाहीत तर चिरतात.

माझी बोटं मांडीवर हलली.
झेड. नऊ. एक. टिंब.
तिचा क्लेम कुणाकडं पाठवायचा
ते मात्र सुचलं नाही.
खिशात कंपनीनं दिलेलं विम्याचं कार्ड आहे,
मागं बारीक अक्षरात: आई-वडील वगळून.
घरमालकिणीचा तर उल्लेखही नाही.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून तीन पट्ट्या आणल्या,
तीस गोळ्या.
तिनं पावती मागितली,
पैसे भाड्यातून वळते केले,
पट्ट्या उजेडात धरून दोनदा मोजल्या
आणि खुशीत म्हणाली,

चला,
साठ दिवसांची सोय झाली.