तीन टिंबांच्या ओळी

फॉर्मवर रकाना आहे : कौटुंबिक पार्श्वभूमी.
खाली टिंबांच्या तीन ओळी.
तीन ओळींत, साहेब,
आमची चिखलाची एक पाटीही मावणार नाही.

नाव लिहा, मष्णू भरमा कुंभार.
तुमच्या यादीत मसानू आहे, ते खोडा.
तालुका खानापूर, मलप्रभेच्या अलीकडे.
जिल्हा तोच.
राज्य?
तो भरती झाला तेव्हा मुंबई इलाखा,
पेन्शनचा कागद अडकला तेव्हा म्हैसूर,
त्याची आई लगमव्वा गेली तेव्हा कर्नाटक.
घर हललं नाही.
उंबरा तेवढा एकदा बदलला, वाळवी लागली म्हणून.

धंदा कौलांचा. नळ्याची, हातची.
चाकावर नळा ओढायचा, ओला असतानाच
दोरीनं त्याच्या दोन फाका.
मग रेल्वेनं मंगळुरी कौलं आली, सपाट, शिक्क्याची,
आणि दर पंधरवड्याला पेटणारा आमचा आवा
दसऱ्यापासून होळीपर्यंत दोनदा पेटला.
पार्श्वभूमी म्हणजे हीच ना?

रविवारच्या बाजारात भरतीवाल्यांनी छाती मोजली,
हात बघितले, म्हणाले, धुऊन ये.
धुऊन आला.
खरं नखातली माती निघाली नाही, तशीच पास झाली.

माझा बाप तेव्हा नऊ वर्षांचा,
डोक्यावर ट्रंक घेऊन स्टेशनापर्यंत गेला.
थोरल्या भावानं एक आणा दिला.
फलाटाबाहेर त्या आण्याची भजी खात बसला
आणि गाडी सुटलेली त्यानं बघितलीच नाही.
म्हातारपणी एवढंच सांगायचा. मीठ जास्त होतं म्हणायचा.

पत्रं दोन. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी.
"इटलीत आहे. इथली माती पिवळी, चिकट.
घरांवर आपल्यासारखीच नळ्याची कौलं.
बाबांना सांगा, ह्यांची भाजणी आपल्याहून सरस.
गावाचं नाव आहे"
आणि पुढं काळ्या शाईचा पट्टा.
भरमानं तो पट्टा उजेडाला धरून धरून
कागदच झिजवला.

तार आली त्या दिवशी आवा पेटलेला होता.
पेटता आवा सोडता येत नाही, साहेब.
दोन रात्री तो लाकडं सारत राहिला,
तिसऱ्या दिवशी आवा निवला,
कौलं मोजली, फुटकी बाजूला काढली,
आणि मग घरात आला.

लग्न? ठरलं होतं.
मुलीचं नाव विचारू नका,
नंदगडला तिची पतवंडं शाळेला जातात.

आता कागदाचं ऐका.
पेन्शनचा कागद कन्नडात आला.
शाळेच्या बाई शिवगंगव्वा, त्यांनी ओसरीवर बसून वाचला.
आधी आहे तसा, मग मराठीतून समजावून.
कन्नडात लेकाला मग म्हणतात.
निम्म मग, तुमचा मुलगा.
लगमव्वा हातातलं सूप थांबवून ऐकत होती.
बाई वाचायच्या, "मग",
ही विचारायची, "मग?"
बाई पुन्हा, "मग",
ही पुन्हा, "मग?"
पुढचं त्या कागदात नव्हतं.
शेवटी बाईच रडल्या. हिनं त्यांना ताक दिलं.

मराठी की कानडी, असा तुमचा रकाना आहे खाली.
तो मी रिकामा ठेवतोय.

फोटोची चौकट आहे.
फोटो नाही. काढला होता म्हणतात, बेळगावात,
ट्रंकेबरोबर तोही गेला.
खरं वर बघा, मोरीच्या बाजूला,
तिसऱ्या ओळीत, काळपट पडलेलं एक.
ओल्या कौलाच्या कडेला अंगठा दाबायची त्याला खोड होती,
बापाच्या शिव्या खाऊनसुद्धा.
दरसाल छप्पर शेकारताना
मी ते पुसतो आणि परत तिथंच ठेवतो.

कागद देतो, तार देतो, सही करतो.
कौल मात्र उतरवून देत नाही, साहेब.
त्याच्याखाली आमची सून
परवापासून बाळ घेऊन निजते.