खळीची बादली

बावीस वर्षं मी ऑबेड क्रँडलच्या तंबूच्या पुढे चाललो.
चार दिवस आधी, एक गाव पुढे,
हातात खळीची बादली, खांद्यावर पोस्टरांची गुंडाळी.
वाबाश नदीच्या दोन्ही काठांवर
एक कोठार कोरं सोडलं नाही मी.
शेतकरी दंडुका घेऊन यायचा,
मी दोन फुकट तिकिटं काढायचो,
मग तोच शिडी धरायचा.

ऑबेड म्हणायचा, खळीत तुरटी घाल, लेम,
नाहीतर उंदीर जाहिरात खातात.
आणि त्यांनी जाहिरात खाल्ली
तर आपण काय खायचं?

त्याचं शहाणपण जाकिटाच्या खिशात मावेल एवढंच:
बोलणाऱ्याचा मका खपतो,
मुक्याचा गहू कोठीत कुजतो.
पैसा भित्रा असतो, तो म्हणे, वासरासारखा,
कळप दिसला की त्यात घुसतो.
म्हणून कळप आधी आणायचा. भाड्याचा चालेल.
कोव्हिंग्टनला आम्ही नऊ माणसं रोजाने रांगेत उभी केली,
दहावा आपला आपण आला,
आणि दुपारपर्यंत रस्ता बंद.

आमच्याकडे हत्ती नव्हता. एक पेटी होती.
काळी, लोखंडी पट्ट्यांची, साखळदंड घातलेली.
स्टेशनापासून तंबूपर्यंत सहा जण ती ओढायचे
गावाच्या मधोमध, मुद्दाम लांबच्या वाटेने.
आत नदीतले धोंडे.
रिकामी का नाही? मी एकदा विचारलं.
चेहरा खोटा करता येतो रे, तो म्हणाला,
धाप खोटी लागत नाही.

पोस्टरवर फक्त पेटीचं चित्र, खाली दोन शब्द:
गुरुवारी उघडणार.
बुधवारी रात्री आम्ही गाव सोडायचो.

लाफायेटच्या एका पेपराने त्याला लुच्चा म्हटलं.
ऑबेडने रात्री बसून संपादकाला पत्र लिहिलं,
खोट्या नावाने, आणखी जहाल.
भल्या माणसाला शिव्या कमी पडल्या, म्हणाला,
आपण हातभार लावू.
पुढच्या आठवड्यात तंबूला शिवण घालून वाढवावं लागलं.

आणि मग अ‍ॅटिका. बुधवार, रात्र,
खुंट्या उपटून झालेल्या.
कंदिलाच्या उजेडात एक पोरगा उभा,
आठ मैल चालत आलेला, बूट गळ्यात अडकवून.
म्हणाला, उद्या गुरुवार आहे.
एवढंच.

मी वाट पाहत होतो, आता ऑबेड काही विकेल.
त्याने जाकिटातून किल्ली काढली.
बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं, किल्ली आहे म्हणून.
झाकण करकरलं. पोरगा वाकला.
बराच वेळ बघत राहिला धोंड्यांकडे,
मग एक चपटा उचलला, पांढरी रेघ असलेला.
कुठून आणले हे?
ऑबेडने तोंड उघडलं,
ज्या तोंडाने त्याने तीन राज्यांना धोंडे विकले होते ते,
आणि म्हणाला, इथूनच. तुमच्याच नदीतले.
ठेव तो.

गाडीत बसल्यावर मला म्हणाला,
लेम, हे कुणाला सांगायचं नाही.
मी सांगितलं नाही.
पुढच्या वर्षी अ‍ॅटिकाला
रांग पार पुलापर्यंत गेली,
प्रत्येक जण विचारत होता, पेटी पाहिलेला तो पोरगा कुठला.
ऑबेडने माझ्याकडे बघितलंही नाही.
ते गुपित होतं की जाहिरात,
मी आजवर दोन्ही बाजूंनी तोलून पाहिलंय.

तो गेला तेव्हाचं पोस्टरही त्याने आधीच छापून ठेवलं होतं.
चित्रात पेटी, खाली फक्त: गुरुवारी.
अर्धी इंडियाना लोटली.
सहा जणांनी उचलला त्याला,
लांबच्या वाटेने नेला,
आणि धाप खरी होती.
लोक खड्डा बुजेपर्यंत थांबले,
न जाणो.

ती पोस्टरं मीच चिकटवली.
त्या खळीत तुरटी घातली नाही.
उंदरांनीही खावं थोडं.