रकाना नऊ

बसमधून थेट कलेक्टर कचेरीत.
बाई विचारतात, सोबत काय आणलंत?
रकाना नऊ. एकच ओळ.

मी म्हणते, स्टेथोस्कोप. आणि चप्पल.
जोडीतली एकच,
दुसरी बोटीवर चढताना गेली.
बाई लिहितात : चप्पल, एक नग.

मागे काय राहिलं, त्याला रकाना नाही.
खार्टूमच्या वॉर्डातल्या आठ खाटा,
संपत आलेलं सलाईन,
आणि इदरीसची आई, जी मला
सिस्टर न म्हणता 'बिंती' म्हणायची, लेकी.

विमान फुकट, बस फुकट,
कसाऱ्याला सरकारी पुरीभाजी, गरम होती,
नावं ठेवायला जागाच नाही.
घाट चढल्यावर कुणीतरी ओरडलं, "आलो बरं का!"
सगळे हसले.
मी काचेकडे तोंड फिरवलं.

पत्ता?
शरणपूर रोड.
जन्मभर लिहीत आले हे नाव,
आज वाचलं.

शिक्क्याची शाई सुकलेली.
बाई त्यावर हाऽ करून पुन्हा दाबतात,
मग टेबलाखालून आपल्या चपला
पायानंच पुढे सरकवतात.
"डांबर तापलंय. मी काय, इथंच बसून असते."

पाच नंबरच्या. मला सहा लागतात.
टाचा बाहेर ठेवून
उतरले जिना.