आखाजीच्या आधी

चाक माझ्या नवऱ्याचं, थापटणं माझं.
चैत सरत आला की गावातल्या मेलेल्यांची तहान
आमच्याच ओट्यावर येऊन बसते:
ज्याच्या त्याच्या म्हाताऱ्याच्या नावानं एक घागर,
वर लोटी, लोटीवर डांगर.

यंदा उन्हं कलल्यावर तिघीजणी आल्या.
चपला काढून ओट्याखालीच उभ्या राहिल्या,
उसनं मागायला आल्यासारख्या.
म्हणाल्या, घागरी नको. रांजण पाहिजेत, तीन.
घरात नाही ठेवायचे. स्टँडावर,
अमळनेरची गाडी लागते तिथं, लिंबाखाली,
जिथली फरशी त्या रात्रीनंतर
टँकर आणून पहाटेच धुवून टाकली होती.

मी विचारलं, केवढे?

कोकिळाबाईनं हात कमरेच्या जरा वर धरला.
हर्षाली. चौथीत होती.
हवेतला तो तळहात तिनं खाली घेतलाच नाही.
मी सुतळी आणली, तळहातापासून भुईपर्यंत सोडली,
गाठ मारली.

रायलीबाई म्हणाली, माप मला नाही सांगता येत.
विकेश शाळामातीन वना का तीन गल्लास पी जाये.
तीन गल्लास रोजचे, पाचवीपासून दहावीपर्यंत,
किती व्हतीन ते तूच काढ.

शकीलाबी काही बोलली नाही.
पिशवीतून जुनेदचा सदरा काढला, इस्त्रीचा,
माझ्या मांडीवर पसरला,
नि खांद्याची शिवण कुठून कुठे जाते
ते बोटानं दाखवलं.

भांडण कशावरून लागलं
ते या गल्लीत एका तऱ्हेनं सांगतात,
त्या गल्लीत दुसऱ्या.
या तिघी तारीखसुद्धा सांगत नाहीत.

आम्ही माती तुडवली, लीद घातली, राख घातली.

आता पुढचं मला सांगायचं नव्हतं.
त्या रात्री आमच्या दारावर थाप पडली होती.
जोरात नाही. ओल्या मडक्यावर हात चालतो तशी,
पाच-सहा वेळा.
नवरा उठून बसला. मी त्याचं मनगट धरलं.
कोण, कोणत्या गल्लीचं, विचारलं नाही.
मग थाप थांबली.
सकाळी उंबऱ्याबाहेर एक चप्पल होती,
डाव्या पायाची. सात नंबर. निळा पट्टा.
ती मी आव्यात टाकली.
रबराचा वास चार दिवस गेला नाही.

दोन रांजण खणखणीत निघाले.
तिसरा तडकला. पुन्हा घडवला, पुन्हा तडकला.
माती त्याच खाणीची, हात तेच.
तिसऱ्यांदा निघाला तो दिसायला शाबूत,
पण बुडाशी पाझरत होता.

नगरपालिकेचा माणूस आला वही घेऊन.
परवानगी कुणाची? दाता कोण? पाटी कुठाय?
कोकिळाबाई म्हणाली, पाटी नाही, भाऊ.
जो पाणी पिईल त्याला नाव सांगायचं, बस.
तो लिहायचा थांबला. ऊन फार होतं.
रायलीबाईनं त्याला गिलास भरून दिला
नि सांगितलं: विकेश. धापा टाकत प्यायचा.
वही मिटून तो गेला. परत येईल, म्हणतात.

आता कंडक्टर पितात, कापसाच्या गाडीवरचे हमाल पितात,
कॉलेजची पोरं टाळायला बघतात नि तहान लागली की पितात.
शकीलाबी प्रत्येकाला म्हणते, बैठ के पी बेटा,
मेरा जुनेद सुनता नहीं था, खडे-खडे पीता था.
काही जण खरंच बसतात.

गळका रांजण बदलून देते म्हटलं
तर कोकिळाबाईच म्हणाली,
ऱ्हाऊ दे वं माय, गयू दे.
खाली ओल धरलीय. तिथं चिमण्या येतात,
गांधीलमाशा येतात, एक लंगडी बकरी येते.

मी रोज सकाळी दोन बादल्या घेऊन जाते.
पाझरून गेलेलं भरून काढते.
लोक म्हणतात, कुंभारीण पुण्य करतेय.
शकीलाबी लोटा पुढे करते:
धूप में आयी, पी ले.

मी म्हणते, घरून पिऊन आले.